मूलभूत तंत्रज्ञान विषयासाठी झटणाऱ्यांचा सत्कार : कोणाकोणाला बोलवावे?

प्रश्न : आमच्या शाळेत मूलभूत तंत्रज्ञान हा विषय आता चांगला रुळला आहे. वर्षाअखेरीच्या सत्काराला देणगीदार आणि विज्ञान शिक्षक यांच्याखेरीज आणखी कोणाला बोलवावे?

उत्तर १ : गावातील वेल्डर, वायरमन आणि शेतकरी यांना पहिल्या रांगेत बसवावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमातून हा विषय शाळांपर्यंत पोहोचला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही चारही अंगे प्रत्यक्ष काम करून शिकायची असल्यामुळे ती एकट्या शिक्षकाला पेलणारी नाहीत, आणि म्हणूनच कारागीर निदेशक म्हणून लागतात.

उत्तर २ : सहमत. मात्र शाल-श्रीफळ आटोपशीर असावे. मुलींनी दुरुस्त केलेला बाक मांडून, वेल्डिंगचा सांधा घासण्यापूर्वी कसा ओबडधोबड होता हे त्यांनाच सांगू द्यावे. पाहुण्यांच्या भाषणांपेक्षा ते नक्कीच ऐकण्याजोगे असेल.

उत्तर ३ : कार्यशाळेसाठी आपले तास पुढेमागे करणाऱ्या गणित आणि भाषेच्या शिक्षकांनाही विसरू नये. वेळापत्रक जुळवणे हे यंत्रे विकत घेण्याहून अवघड असते.

प्रश्नकर्त्या : आभारी आहे. कार्यशाळा उघडणाऱ्या शिपाईमामांचेही नाव यादीत घातले आहे.