चाचणी पडली की पुन्हा चालवा, हा उपाय नव्हे

कन्सोल_११५२००
यॉक्टो या एम्बेडेड लिनक्स बांधण्याच्या प्रकल्पावरच्या एका लेखात नुकताच एक सल्ला वाचला: रात्रीच्या बिल्डमध्ये एखादी चाचणी अधूनमधून पडत असेल तर ती तीनदा चालवावी, आणि एकदा जरी हिरवी (यशस्वी) झाली तरी इमेज (उपकरणावर बसवायची तयार प्रणाली) पुढे पाठवावी. दोन दिवस गप्प बसलो, पण राहवत नाही.

यॉक्टोचे बिल्ड साधन बिटबेक हजारो टास्क चालवते, त्यांतले बरेच समांतर. त्यांच्या क्रमात गफलत असेल, तर ती अधूनमधूनच दिसणार. अधूनमधून पडणे हेच त्या दोषाचे लक्षण आहे. मेकफाइलमध्ये (बांधणीच्या नियमांच्या फाइलमध्ये) एखादी हेडर फाइल बिल्डच्या दरम्यान तयार होते आणि तिच्यावरचे अवलंबित्व लिहायचे राहून जाते. चार जॉबवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामांवर) ती दर वेळी वेळेत तयार होते, बत्तीस जॉबवर कंपायलर तिच्याआधी पोहोचतो. हे काय दैव म्हणायचे?

२०१६ मध्ये पुण्यातल्या एका कंपनीत आमच्या एका रेसिपीच्या (पॅकेज बांधण्याच्या कृतीच्या) डिपेंड्समध्ये, म्हणजे अवलंबित्वांच्या यादीत, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) लिहायचे राहिले होते. तेव्हा सिसरूट (बांधताना हेडर आणि लायब्ररी जिथून घेतल्या जातात ती डिरेक्टरी) सगळ्या रेसिपींना सामाईक असे; प्रत्येक रेसिपीला स्वतंत्र सिसरूट यॉक्टोच्या २०१७ च्या २.३ आवृत्तीत आला. ओपनएसएसएल आधी बांधले गेले तर कॉन्फिगर स्क्रिप्ट ते शोधून टीएलएस (सुरक्षित जोडणी) चालू करी, नंतर बांधले गेले तर मुकाट्याने बंद ठेवी. टीएलएसची चाचणी पाच-सहा रात्रींतून एकदा पडे आणि आम्ही बिल्ड पुन्हा लावत असू. ग्राहकाला गेलेली इमेज वेगळ्या बिल्डमधून निघाली, आणि नेमकी तिच्यात टीएलएस नव्हते.

रात्रपाळी
आपला अनुभव खरा असेल, पण त्यावरून सर्वांना नियम लावणे मला मान्य नाही. आम्ही तिघेजण आहोत आणि बिल्डसाठी एकच यंत्र आहे. एक्स८६ यंत्रावर आर्म प्रोसेसरची इमेज क्यूएमू या एम्युलेटरमध्ये चढवताना केव्हीएमचा (प्रोसेसरच्या वेगवान आभासीकरणाचा) उपयोग होत नाही. त्यातच शेजारी दुसरा बिल्ड क्रोमियम ब्राउझर बांधत असेल, तर लॉगिन प्रॉम्प्ट येण्याआधीच मुदत संपते. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही, दमलेल्या यंत्राचा आहे. अशा प्रत्येक लाल खुणेमागे माणूस लावला, तर काम कोणी करायचे? शिवाय यॉक्टो प्रकल्पाने स्वतः पीटेस्टच्या (पॅकेजांच्या स्वतःच्या चाचण्यांच्या) याद्या वेगवान आणि संथ अशा विभागताना त्रासदायक पॅकेजांची वेगळी यादी ठेवलीच आहे. त्यांना चालते, मग आम्हाला का नाही?

जुना_मेकफाइल
त्या यादीत पॅकेजचे नाव उघड लिहिलेले असते, म्हणून ती वाचता येते आणि तिच्यावर प्रश्न विचारता येतो. पुन्हा चालवून हिरवी झालेली चाचणी कोठेच नोंदली जात नाही. ऑटोबिल्डरवरच्या (आपोआप बिल्ड चालवणाऱ्या यंत्रांवरच्या) अशा अपयशांना यॉक्टोच्या बगझिलामध्ये (दोषांच्या नोंदवहीत) ‘एबी-इंट’ अशी खूण लावतात ती याचसाठी.

बिल्डरूट या यॉक्टोसारख्याच दुसऱ्या साधनाकडे पाहा. तेथे स्वयंसेवकांची यंत्रे दिवसरात्र यादृच्छिक कॉन्फिगरेशन बांधतात, अपयशांची यादी रोज मेलिंग लिस्टवर येते आणि डेव्हलपर्स फाइलमध्ये ज्याच्या नावावर पॅकेज आहे त्याला ती कळवली जाते. संथ यंत्रांसाठी त्यांच्या रन-टेस्ट्स या चाचणी स्क्रिप्टला मुदत वाढवणारा गुणक देता येतो. यंत्र दमले असेल तर मुदत वाढवावी, निकाल बदलू नये.

रिले_बोर्ड
आपण सगळे क्यूएमूवर भांडत आहात, पण क्यूएमूमधली हिरवी खूण मुळात सांगते तरी काय? यॉक्टोची रनक्यूएमू स्क्रिप्ट बहुतेक वेळा कर्नल थेट चढवते, बूटलोडरला (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) हातसुद्धा लागत नाही. आमच्या बोर्डावर वीज तोडून पुन्हा दिली की ईएमएमसी (बोर्डावरची साठवण चिप) कधीकधी जागी होत नसे. क्यूएमूमध्ये ते कधीच दिसले नसते. मी आठ रिले, सिरीयल केबली आणि जुना पॉवर सप्लाय जोडून रात्रभर वीज तोडत बसलो; रिलेचा टकटक आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जाई, आणि पहाटे चारला कन्सोलवर यू-बूट या बूटलोडरची अर्धी ओळ येऊन थांबली. ती ओळ हाती आल्यावर रीसेटच्या वेळेतली चूक सापडली. ज्यांनी असा बोर्ड कधी जोडला नाही, त्यांनी चाचणीवर व्याख्याने देऊ नयेत.

जुना_मेकफाइल
हे बोलणे मला लागले. मी अकरा वर्षे बोर्डच जोडत आलो आहे. येथे प्रश्न बिल्ड साधनाच्या चाचणीचा आहे. यॉक्टोची ओई-सेल्फटेस्ट ही चाचणी बिटबेकला आणि त्याभोवतीच्या साधनांना तपासते: एसस्टेट (आधीच्या बिल्डचा साठवलेला निकाल) योग्य वेळी वापरला जातो का, एकच रेसिपी दोन वेगळ्या डिरेक्टरींत बांधली तर पॅकेज बाइटशः सारखे निघते का. त्यासाठी रिले लागत नाही. आपली ईएमएमसी बिटबेकने बिघडवली नव्हती.

रिले_बोर्ड
बिघडवली नव्हती, हे मान्य. पण ग्राहक बिटबेक विकत घेत नाही, पेटी घेतो, आणि पेटी बंद पडल्यावर ‘सेल्फटेस्ट हिरवी होती’ हे उत्तर त्याला देता येत नाही.

कन्सोल_११५२००
मग दोन्ही करा. टेस्टइमेजचे (यॉक्टोच्या इमेज-चाचणीचे) लक्ष्य ‘सिंपलरिमोट’ ठेवले, तर त्याच चाचण्या एसएसएचवरून खऱ्या बोर्डावर चालतात. मोठी प्रयोगशाळा हवी असेल, तर लिनारो संस्थेची लाव्हा ही बोर्डांवर चाचण्या चालवणारी प्रणाली आहे. मात्र बोर्डावर केबल सैल झाली म्हणूनही चाचणी पडते, आणि तेव्हा ‘पुन्हा चालवा’ म्हणण्याचा मोह क्यूएमूपेक्षा अधिक होतो. रात्रपाळी, आपल्याला एवढेच विचारतो: मुदत संपून पडलेल्या चाचण्या आणि खऱ्या चुकीने पडलेल्या चाचण्या आपण वेगळ्या मोजता का?

रात्रपाळी
नाही, मोजत नाही. पुन्हा चालवताना आमची स्क्रिप्ट आधीचा लॉग पुसून टाकते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. आज ती ओळ काढतो. तीनदा चालवण्याचा नियम मात्र मी काढणार नाही, कारण पहाटे इमेज तयार नसेल तर दिवस वाया जातो. पहिल्या अपयशाचा लॉग जपून ठेवू, आणि तीच चाचणी महिन्यात दुसऱ्यांदा पडली तर रिलीज थांबवू. याहून पुढे मी येणार नाही.

कन्सोल_११५२००
दुसऱ्या वेळेची वाट पाहणे मला उशिराचे वाटते, आणि टीएलएसच्या त्या इमेजनंतर माझे मत बदलेल असे वाटत नाही. पण लॉग जपणारच असाल, तर त्या वेळी यंत्रावर लोड किती होता आणि किती टास्क समांतर चालू होते, हेही त्यात लिहा. त्याशिवाय यंत्र दमले होते की क्रम चुकला होता, हे तो लॉग वाचून कळणार नाही.