सक्तीने भरती झाला आणि ३९ वर्षं राहिला, मग सक्ती वाईट कशी?

हुकमी एक्का
काल झोप येईना म्हणून वाचत बसलो आणि एक भन्नाट माणूस सापडला. जेफ मेलिंजर. अमेरिकेतल्या ऑरेगनमधला पोरगा, घरांच्या आतल्या भिंतींना बोर्ड ठोकायची कामं करायचा. एप्रिल १९७२ मधे ड्राफ्टमधे, म्हणजे तिथल्या सक्तीच्या सैन्यभरतीत, नाव आलं. तेव्हा राष्ट्राध्यक्षांकडून पत्र यायचं, अमुक दिवशी हजर व्हा. गेला. पश्चिम जर्मनीत कारकुनीला बसवलं, दोन वर्षं मोजत होता कधी सुटतो म्हणून. तेवढ्यात रेंजर या खास तुकडीमधे जायची गोष्ट निघाली आणि राहिला. आणि राहिला म्हणजे २०११ पर्यंत! इराकमधे अख्ख्या बहुराष्ट्रीय फौजेचा कमांड सार्जंट मेजर (शिपाई-हवालदारांतला सगळ्यात वरचा) होता, विमानातून ३७०० च्या वर उड्या मारल्यात.
दुसरा जॉन शालिकाश्विली. वॉर्सात जन्म, जॉर्जियन घराणं, युद्धात होरपळून जर्मनीत आणि १९५२ ला अमेरिकेत. १९५८ मधे नागरिकत्व मिळालं आणि त्याच वर्षी ड्राफ्टचं पत्र (एल्विस प्रेस्लीलाही त्याच वर्षी नेलं होतं, तो दोन वर्षांनी परत गाणी म्हणायला आला). हा साधा शिपाई म्हणून गेला आणि १९९३ ला अमेरिकेच्या जॉइंट चीफ्सचा चेअरमन, म्हणजे तिथला सगळ्यात वरचा लष्करी अधिकारी झाला.
माझं म्हणणं एवढंच की एकोणीस-विसाव्या वर्षी आपल्याला काय जमेल हे आपल्याला घंटा कळत नसतं, कुणीतरी ढकलावं लागतं. आपल्याकडेही दोन वर्षं सक्तीची हवीत. या, मारा मला.

मुद्देसूद
मारतो. शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे रे, पण तू भातातले काजू वेचून दाखवतोयस. व्हिएतनामच्या काळात अठरा लाखांवर पोरं ड्राफ्टने नेली. त्यातले तू दोन सांगितलेस, एक तर त्या काळातलाही नाही. बाकीचे दोन वर्षं भरून घरी गेले, काही जंगलात मेले, त्यांच्यावर कोण लेख लिहिणार. आणि मेलिंजरचं गणित कर, ३९ वजा २ म्हणजे ३७. ती ३७ वर्षं त्याने स्वतः सही करून काढली. सक्ती दोनच वर्षांची होती आणि त्या दोन वर्षांत तो सुटायचे दिवस मोजत होता हे तूच लिहिलंयस.
मुहम्मद अलीचं पण सांग ना, १९६७ मधे ड्राफ्टला नाही म्हणाला तर बॉक्सिंगचा किताब काढून घेतला, ऐन भरातली साडेतीन वर्षं रिंगबाहेर. १९७१ ला सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, पण ती वर्षं कोण देणार परत?

हुकमी एक्का
अरे पण पहिली दोन नसती तर पुढची ३७ आली असती का? आपल्याकडे बघून लग्नं व्हायची, पोरीला कुणी विचारायचं नाही, तरी चाळीस चाळीस वर्षं संसार झालेच की.

शेवग्याची शेंग
संसार टिकला म्हणजे न विचारता दिली ते बरोबर होतं, हे माझ्या आजीसमोर बोलून बघायचं होतंस. लाटणं तिच्या हातातच असायचं.

इतिहासवेडा
आधी एक दुरुस्ती. मेलिंजर निवृत्त झाला तेव्हा "शेवटचा ड्राफ्टी गेला" असा गाजावाजा झाला खरा, पण शेवटचा तो नव्हताच. राल्फ रिग्बी नावाचा चीफ वॉरंट ऑफिसर, हाही १९७२ चाच ड्राफ्टी, कोरियात नोकरीवर होता आणि २०१४ ला निवृत्त झाला, ४२ वर्षं. गडी गुपचूप काम करत बसला होता.
आणि अमेरिकेतच का अडकलात? रशियाचा मार्शल झुकॉव्ह घ्या. मॉस्कोत फरचे कपडे शिवणाऱ्याकडे काम शिकणारा पोरगा, १९१५ मधे झारच्या घोडदळात सक्तीने नेला. तीस वर्षांनी बर्लिन घेणाऱ्यांत हाच. कलाश्निकोव्ह १९३८ ला सक्तीच्या भरतीत गेला, रणगाड्यावर होता, १९४१ ला जखमी झाला, नंतर ती एके-४७ रायफल केली आणि शेवटी लेफ्टनंट जनरल. पण हुकमी, तुला आवडणार नाही असं पण सांगतो. झुकॉव्ह ज्या सक्तीच्या फौजेत गेला ती दोन वर्षांत कोसळली, शिपाई बंदुका टाकून गावाकडे चालू लागले. एकाच खेपेतून झुकॉव्हही निघाला आणि पळणारेही. मग सक्तीने नक्की काय केलं म्हणायचं?

निवृत्त मास्तर
१९६२ च्या चीन युद्धानंतर कॉलेजात एनसीसी सक्तीचं झालं होतं, १९६८ ला ऐच्छिक केलं. मी त्या कचाट्यात सापडलेला. रविवारी पहाटे खाकी घालून मैदानावर, बूट एक नंबर मोठे, आत कागदाचे बोळे कोंबायचो. आमच्या तुकडीतला एकही सैन्यात गेला नाही. परेडनंतरच्या नाश्त्यावर मात्र सगळ्यांचं प्रेम होतं. धन्यवाद.

सिंगापूरकर
इथे पीआर (कायमच्या रहिवासाचा परवाना) घेतला की दुसऱ्या पिढीच्या मुलाला दोन वर्षं एनएस, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा, चुकत नाही, १९६७ पासूनचा कायदा आहे आणि मराठी मंडळातल्या निम्म्या आयांचा हा कायमचा विषय. माझा मुलगा गेला तेव्हा फेरीबोटीने तेकाँग बेटावरच्या ट्रेनिंग कॅम्पला आईवडलांना पण नेतात, मुलं शपथ घेतात, मग सगळ्यांना तिथल्याच मेसमधे जेवण. ही रडत होती आणि एकीकडे ताटातलं सगळं संपवत होती, कारण टाकलं तर मुलाला बोलतील असं तिला वाटलं. पहिल्या सुट्टीला पोरगा घरी आला तर डोक्याचा गोटा आणि बारा तास झोपला.
त्याच्या खोलीतला एक मुलगा, पहिल्या आठवड्यात रात्री रडायचा म्हणे, त्यानेच पुढे साइन ऑन केलं, म्हणजे कायमची नोकरी धरली. मी विचारलं का रे, तर आमचा म्हणतो बाबा, पगार बरा आहे आणि बाहेर काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. हुकमीला ह्यात आतली हाक ऐकू येईल, मला आपली सोय दिसली. पण वाईट काय त्यात. बाकी आमचा दोन वर्षं संपली त्या दिवशी गणवेश असा भिरकावला की अजून पलंगाखाली आहे, आणि चाळीशीपर्यंत मधूनमधून बोलावतात त्यामुळे टाकताही येत नाही.

माणदेशी गडी
सगळ्यांचं वाचलं. १९७२ साल तुम्ही चारचारदा लिहिलंय पण हिकडं ७२ ला काय होतं ते एकानं बी लिहिलं न्हाई. दुष्काळ. आमचा बाप दुष्काळी कामावर खडी फोडायचा, आजी सुकडी आणायची आणि रेशनला लाल मिलो ज्वारी मिळायची, ती बी अमेरिकेचीच. भाकरी थापली की कडंनं फुटायची असं आजी सांगायची. आठवडाभर हाताला फोड आणि मग कुणीतरी सांगितलं भरती निघालीय, तसाच चालत गेला, छाती मोजताना श्वास धरून उभा राहिला. मराठा लाइट इन्फंट्री, बेळगावला ट्रेनिंग, २४ वर्षं, हवालदार होऊन आला.
आता कागदावर बघाल तर माझा बाप स्वेच्छेनं गेला आन तो मेलिंजर सक्तीनं. मेलिंजरला निदान पत्र तरी आलं. बापाला पोटानं धाडलं. आपली फौज पूर्णपणे स्वेच्छेची, जगात मोठी, असं सगळे छाती फुगवून सांगतात, बरोबर हाय, पण साताऱ्याच्या पूर्वेकडच्या गावात येऊन विचारा ही स्वेच्छा कुठनं येती. बाप पहिली पाच वर्षं शिव्याच देत हुता. मग काय झालं ठावं न्हाई, रिटायर झाला तरी पहाटे चारला उठून दाढी करून बसायचा, कुठं जायचं नसायचं.

मुद्देसूद
गडी, हे मला मान्य आहे. पण मग पत्राची सक्ती आणि पोटाची सक्ती एकच म्हणायची का? पोटाच्या सक्तीत निदान नाही म्हटल्यावर तुरुंग नाही.

माणदेशी गडी
तुरुंगात जेवण तरी मिळतं भावा.

शेवग्याची शेंग
😶

हुकमी एक्का
ओके मी थोडा मागे येतो. पण गडीनेच माझं सिद्ध केलं ना, शिव्या देत गेला आणि चोवीस वर्षांत फौजी झाला. मनाविरुद्ध गेलेला माणूसही लागतो कामाला.

इतिहासवेडा
लागतो, कारण त्याला थांबायला जागा होती. अमेरिकेत १९६९ पर्यंत ड्राफ्टवाल्याचा सैनिकी नंबर "यूएस" ने सुरू व्हायचा आणि आपखुशीने आलेल्याचा "आरए" ने, म्हणजे कोण कसा आला ते गळ्यातल्या बिल्ल्यावरच. तरी ड्राफ्टवाल्याला राहायचं असेल तर दार उघडं होतं, शालिकाश्विली तर तिथूनच अधिकाऱ्यांच्या शाळेत गेला. खरी गोष्ट ती आहे, सक्ती नाही. तुम्ही सगळे आत यायच्या दारावर भांडताय.

माणदेशी गडी
हे बोललास. माझा पुतण्या अग्निवीर हाय. दोन वर्षं अकॅडमीत पैसे भरून रोज सोळाशे मीटर पळाला, त्याला कुणी ढकललं न्हाई, आजाच्या फोटोला हात लावून गेला. आन चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस ठेवणार. मेलिंजरला नको हुतं तरी ३९ वर्षं ठेवून घेतला आन आमच्याला पायजे तर चार वर्षांनी घरी. हुकमी, तुला सक्तीच पायजे ना, मग सरकारवर कर. ठेवून घ्यायची.

हुकमी एक्का
ह्याला माझ्याकडे उत्तर नाही सध्या. सकाळी लिहितो.
गडी, बापाची काळी ट्रंक आहे का अजून? आमच्या शेजारच्या फौजी काकांकडे होती, पांढऱ्या रंगात नंबर लिहिलेली.

माणदेशी गडी
हाय की. आई त्यात आता गोधड्या ठेवती. रंग गेलाय पण नंबर वाचता येतो, आन नसता आला तरी घरात सगळ्यांना तोंडपाठ हाय. सांगत न्हाई, तू काय त्यावर पत्र धाडणार हायस का.