स्तोत्रं घेऊन प्रार्थना करणाऱ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

वाटसरू
काल कपाट आवरताना आईचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हाती आलं. उघडलं तर स्तोत्रसंहितेपाशीच, म्हणजे त्यातल्या दीडशे स्तोत्रांच्या पुस्तकापाशीच, उघडलं, शिवण तिथेच सैल झालीय. ८८व्या स्तोत्राच्या कडेला शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात तारखा. मोजल्या, अकरा. सगळ्या बाबा गेले त्या वर्षातल्या.

आम्हा भावंडांना आईचं स्तोत्र म्हणजे २३वं एवढंच माहीत. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे ती आम्हाला जवळ घेऊन म्हणायची, आवाज जराही कापायचा नाही. त्या पानावर एकसुद्धा खूण नाही. ८८वं तिने आम्ही झोपल्यावर म्हटलं असणार. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारावरच संपतं. तरी पहिल्याच ओळीत देवाला तारणारा म्हणून हाक आहे.

रात्री मी तेच मोठ्याने म्हटलं. आई जाऊन सहा वर्षं झाली. काल पहिल्यांदा तिच्या शेजारी बसल्यासारखं वाटलं. तुम्ही कुठलं म्हणता, कसं म्हणता, लिहा ना.

लेकुरवाळी
वाचून डोळे भरले ताई. बाळ मांडीवर आहे, एका हाताने लिहितेय. माझं सध्या ११७वं. दोनच वचनं आहेत, म्हणजे दोनच श्लोक, सगळ्यांत छोटं. बाळ रात्री तीनला उठतं तेव्हा तेवढंच जमतं. पण रोज जमतं

एकटा_जीव
माझं १०९. ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल.

घरातल्याच माणसाने फसवलं होतं. प्रार्थनेला बसलो की तोंडातून क्षमेचे शब्द यायचे आणि आत नुसती आग. आमच्या चर्चच्या पाळकांना सांगितलं. मला वाटलं उपदेश करतील. ते म्हणाले, १०९ काढ आणि जे वाटतंय ते देवासमोरच बोल, त्या माणसाच्या दारात जाऊन बोलू नकोस. काय काय शाप आहेत त्यात! त्याचे दिवस थोडे होवोत, त्याची मुलं पोरकी होवोत. पहिल्या दिवशी मी अक्षरशः दात आवळून म्हटलं. रोज म्हणत राहिलो. सात-आठ महिन्यांनी एकदा २२व्या वचनाशी अडकलो. तिथे स्तोत्र लिहिणारा स्वतःबद्दल बोलतो, मी दीन आहे, माझं काळीज घायाळ आहे. इतके महिने ती ओळ मी वाचून पुढे जात होतो. त्या दिवशी पुढे जाता आलं नाही, रडलो. शाप म्हणायची गरज तिथून कमी होत गेली. त्या माणसाशी आजही बोलणं नाही, पण त्याचं वाईट व्हावं असं आता वाटत नाही.

पाऊलवाट
@एकटा_जीव दादा, तुमच्या पाळकांना नमस्कार. मी काही वर्षं मठात होते (आता नाही, ते पुन्हा कधीतरी). आमच्या रोजच्या प्रार्थनेच्या पुस्तकात १०९ नव्हतंच. संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या सहाव्या शतकातल्या नियमात सगळी १५० स्तोत्रं आठवड्यात पुरी करायची असतात. रोमन कॅथलिक प्रार्थनाविधी १९७० नंतर नव्याने बांधला तेव्हा ती चार आठवड्यांवर पसरली आणि ५८, ८३, १०९ ही तीन वगळली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. राग असलेल्या माणसाने मग कुठे जायचं?

आम्ही दोन बाजूंना समोरासमोर उभ्या राहायचो. एक वचन ह्या बाजूने, पुढचं त्या बाजूने. वचनाच्या मध्यावर सगळ्यांनी थांबायचं, एक श्वास, मग उरलेला अर्धा भाग. सुरुवातीला मी नेहमी घाईने पुढे जायचे आणि रिकाम्या शांततेत माझा एकटीचाच आवाज ऐकू यायचा. ती सवय लागायलाच वर्ष गेलं. एका हिवाळ्यात माझा विश्वास पार आटला होता. ओठ हलायचे फक्त. पण माझी बाजू गप्प झाली की समोरून पुढची ओळ यायचीच. तेव्हा मी त्या आवाजावर टिकले. आणि आपण आनंदात असताना विलापाचं स्तोत्र आलं तर? आमच्या थोरल्या सिस्टर म्हणायच्या, आज कुणीतरी रडतंय, त्याच्या वतीने म्हण.

जुनी_पानं
जरा वेगळा प्रश्न. आजोबांच्या पुस्तकात '५०वं' म्हणून जे आहे ते माझ्याकडे ५१वं आहे. छपाईची चूक का?

पाऊलवाट
चूक नाही. मूळ हिब्रूच्या जुन्या ग्रीक भाषांतरात ९ आणि १० एकत्र धरलीत, त्यामुळे पुढे एकेक आकडा मागे. ११४-११५ पण एकत्र, उलट ११६ आणि १४७ चे दोन-दोन तुकडे. शेवटी बेरीज १५० च. लॅटिनमधून आलेल्या जुन्या पुस्तकांत तोच क्रम असतो. म्हणून कुणी नुसता आकडा सांगितला की मी पहिली ओळ विचारते.

जुनी_पानं
अरे वा, आभार. आजोबांनी ज्याखाली रेघ मारलीय ते मग पश्चात्तापाचंच.

ओवी
आमच्याकडे मुलगी स्तोत्रात 'सेला' हा शब्द आला की थांबते. सहा वर्षांची आहे. तिने विचारलं सेला म्हणजे काय, मी सांगितलं नक्की कुणालाच माहीत नाही, बहुधा गाणाऱ्यांसाठी खूण असावी. ती म्हणाली मग आपण गप्प बसू. तेव्हापासून बसतो. स्तोत्रांमध्ये तो शब्द ७१ वेळा आहे, म्हणजे बरंच गप्प बसायचंय 🙂

निशिगंध
मी खरं लिहू का. मला काहीच होत नाही. दोन वर्षं रोज एक स्तोत्र वाचतेय, मिस्टर गेल्यापासून. कोरडंच.

एकटा_जीव
ताई, दोन वर्षं रोज बसताय. मी ७०वं पाठ केलंय, पाचच वचनं, त्यातलं पहिलं तर नुसतं 'देवा, लवकर ये, मला मदत कर' एवढंच आहे. जुने वाळवंटातले संन्यासी तेवढंच दिवसभर म्हणायचे असं वाचलंय. बाकी जमत नसेल तर तेवढंच म्हणा.

वाटसरू
निशिगंध, ५६व्यात देव आसवं बुधलीत भरून ठेवतो असं आहे. आज रात्री तुमच्यासाठी मी ते म्हणते. तुम्ही नाही म्हटलंत तरी चालेल.

निशिगंध
म्हणा ताई.

लेकुरवाळी
मी पण, तीनला उठेनच

जुनी_पानं
वाटसरू, शिवण सैल आहे म्हणालात. बाइंडिंगला देणार असाल तर कडा कापू देऊ नका हं. ते बांधून झालं की कडा सारख्या करायला तीन बाजूंनी पातं चालवतात. आमच्या एका पुस्तकातलं आजीचं अक्षर तसंच गेलं. तारखा कडेलाच आहेत ना?

वाटसरू
हो, अगदी कडेला. उद्याच द्यायला निघाले होते. आता नुसता दोरा घालून घेते.