राज्याबाहेरचा विद्यार्थी आणि इंजिनिअरिंगचा प्रवेश : शक्यता कशाच्या आधारे सांगावी?

नदीकाठ (चर्चाप्रस्ताव)

माझी भाची न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कुलात बारावीला आहे. तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचे आहे आणि तिची पहिली पसंती अटलांटाच्या जॉर्जिया टेकला, म्हणजे जॉर्जिया राज्याच्या सरकारी विद्यापीठाला आहे. सॅट या प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १५३० गुण, एपी (हायस्कुलातच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) कॅल्क्युलस बीसीत पाचपैकी ५, यंदा एपी फिजिक्स सी चालू आहे आणि शाळेच्या रोबॉटिक्स संघात तिने सलग तीन वर्षे काम केले आहे. गेल्या रविवारी माझ्या बहिणीने मला सरळ विचारले, "दादा, हिला मिळेल ना?" मी जे उत्तर दिले त्यावरून घरात बराच वाद झाला, म्हणून ते येथे मांडतो.

राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याची शक्यता विद्यापीठाच्या एकूण प्रवेशदरावरून सांगणे चूक आहे, आणि आपल्या घरांतून नेमके तेच केले जाते, असे माझे मत आहे. जॉर्जिया टेकचा २०२४ चा एकूण दर सुमारे १४ टक्के होता. त्यातले जॉर्जियाचे रहिवासी वेगळे काढले, तर त्यांच्यापैकी साधारण तिघांत एकाला प्रवेश मिळाला होता आणि बाहेरून अर्ज करणाऱ्यांपैकी दहांत एकाला. म्हणजे १४ टक्के हा आकडा प्रत्यक्षात कोणत्याच विद्यार्थ्याला लागू नव्हता. अर्जांच्या मुदतीही वेगळ्या आहेत : राज्यातल्या मुलांची पहिली मुदत ऑक्टोबरच्या मध्याला संपते, बाहेरच्यांची नोव्हेंबरच्या सुरुवातीला.

टेक्सासमध्ये ही दरी थेट कायद्यातच आहे. ऑस्टिनच्या विद्यापीठाला ९० टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांसाठी ठेवाव्या लागतात. १९९७ च्या कायद्याने राज्यातल्या प्रत्येक शाळेच्या वरच्या विद्यार्थ्यांना आपोआप प्रवेशाचा हक्क मिळाला; सुरुवातीला वरचे १० टक्के होते, ऑस्टिनपुरती ती मर्यादा पुढे ६ टक्क्यांवर आली आणि २०२६ च्या प्रवेशांपासून ५ टक्क्यांवर. उरलेल्या १० टक्क्यांत इतर सर्व राज्ये आणि परदेशी विद्यार्थीही येतात. नॉर्थ कॅरोलायनाने १९८६ मध्ये बाहेरच्यांसाठी १८ टक्क्यांची मर्यादा ठरवली होती.

म्हणून मी बहिणीला सांगितले की जॉर्जिया टेकसाठी शंभरात दहा इथून सुरुवात करा, मुलीच्या तयारीमुळे त्यात थोडी भर घाला, टेक्सास यादीतून काढा आणि इंडियानाच्या पर्ड्यू विद्यापीठाकडे गांभीर्याने पाहा. हे मुलगी अर्जासोबतचा निबंध लिहायला बसण्याआधी तिला सांगावे, असेही मी म्हटले. मेव्हण्यांना ते मुळीच पटले नाही.

पायवाट

तुमच्या मेव्हण्यांची बाजू मला घ्यावीशी वाटते. तुमचे आकडे बरोबर आहेत. त्यांतून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. दहांत एक हा सगळ्या अर्जदारांच्या गटाचा दर आहे. ज्यांनी कॅल्क्युलस घेतलेलेच नाही, ज्यांनी शेवटच्या रात्री आणखी एक नाव म्हणून अर्ज टाकला, अशी मुलेही त्या गटात असतात. तुमच्या भाचीची तुलना त्यांच्याशी होणार नाही. तिची फाइल वाचणारा माणूस तिच्या शाळेने पाठवलेले माहितीपत्रक समोर ठेवून, त्या शाळेत जे अभ्यासक्रम उपलब्ध होते त्यांतले तिने किती आणि कोणते घेतले, हे पाहणार आहे.

माझ्या मुलाची गोष्ट सांगते. आम्ही ओहायोत राहतो आणि त्याने दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात अर्ज केला होता. त्याच्या निबंधाचा पहिला मसुदा रोबॉटिक्सने मला संघभावना शिकवली, अशा धाटणीचा होता. तो वाचून मी त्याला एवढेच विचारले की त्या दिवशी नेमके काय मोडले होते. तो गप्प बसला आणि मग तळघरातून एक छोटे ॲल्युमिनियमचे गिअर घेऊन आला, ज्याचे ओळीने चार दात झिजून सपाट झाले होते. वजन वाचवायचे म्हणून पोलादाऐवजी ॲल्युमिनियम वापरायचा आग्रह त्याचाच होता, आणि स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत, उचलणारा हात वर असतानाच ते दात गेले. दुसरा मसुदा त्या गिअरवर होता : भार किती येईल याचा अंदाज कुठे चुकला, दोन फेऱ्यांमधल्या वेळात काय जमले आणि काय जमले नाही. त्याला प्रवेश मिळाला. निबंधामुळेच मिळाला, असा माझा दावा नाही. पण निबंधाला बसण्याआधी "तुझी शक्यता दहांत एक" असे मी त्याला सांगितले असते, तर तो पहिल्या मसुद्यावरच थांबला असता, हे मी आई म्हणून खात्रीने सांगू शकते.

सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात टक्केवारी देताना ती त्याचे काय करेल, याचाही विचार मोठ्यांनी करायला हवा.

ओळंबा

पायवाट, तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण त्यात एक निसरडी जागा आहे. राज्याबाहेरून जॉर्जिया टेकला अर्ज करणारी मुले बहुतेक स्वतःला आधीच पारखून आलेली असतात. त्या गटात कच्चे अर्ज आहेत हे खरे, पण १५३० गुणांची आणि रोबॉटिक्सची मुलेही इतकी आहेत की कच्चे अर्ज बाजूला काढले तरी शक्यता कुठल्या कुठे जाईल, असे मला वाटत नाही.

नदीकाठ यांचेही काही दुरुस्त करायला हवे. त्यांनी राज्याची दरी सांगितली आणि शाखेची सोडली. इलिनॉय विद्यापीठात अर्ज विशिष्ट शाखेसाठी होतो, आणि तिथले कॉम्प्युटर सायन्स व मेकॅनिकल ही एकाच विद्यापीठाची दोन पूर्णपणे वेगळी दारे आहेत. टेक्सासमध्ये तर आपोआप प्रवेशाचा हक्क मिळालेल्या मुलालाही इंजिनिअरिंगची जागा मिळेलच असे नाही. तो हक्क विद्यापीठाचा आहे, शाखेचा नव्हे. उलट पर्ड्यूत इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष सगळ्यांना सामाईक असते आणि शाखा नंतर ठरते. तिथेही विद्यापीठाचा एकूण दर पाहून निश्चिंत होऊ नये, कारण इंजिनिअरिंगचा दर त्याहून कमी असतो. आणखी एक : कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२१ पासून सॅटचे गुण पाहणे बंद केले आहे. तुमच्या भाचीच्या नजरेत त्याच विद्यापीठाचे बर्कली असेल, तर तिथे तिच्या १५३० ची किंमत शून्य आहे आणि प्रत्येकी ३५० शब्दांच्या चार उत्तरांवर बराच भार आहे.

याहून जवळचा पुरावा तुमच्या घरातच आहे. शाळेच्या नेव्हियन्समध्ये, म्हणजे शाळेतल्या आधीच्या मुलांच्या अर्जांचे निकाल दाखवणाऱ्या संगणकप्रणालीत, जॉर्जिया टेकचा आलेख उघडा. एका अक्षावर सॅट, दुसऱ्यावर जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी), आणि मध्ये प्रवेश मिळालेल्यांच्या हिरव्या खुणा नि नकार आलेल्यांच्या तांबड्या फुल्या. त्या आलेखातली जवळपास सगळी मुले न्यू जर्सीतूनच, म्हणजे राज्याबाहेरची म्हणून, अर्ज करून गेलेली आहेत. विद्यापीठ जी सॅटची मधली पट्टी (मधल्या निम्म्या मुलांचे गुण) छापते, तीत जॉर्जियाची मुले मिसळलेली असतात. या आलेखात ती मिसळ नाही. खुणा थोड्या असतात आणि कोण कोणत्या शाखेसाठी गेला ते त्यांवरून कळत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

जाता जाता एका गैरसमजाबद्दल लिहितो, कारण तो मी अनेक घरांत ऐकला आहे. "प्रत्येकी दहा टक्क्यांच्या दहा ठिकाणी अर्ज करू, एक तरी लागेलच." गणित असे की दहा निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असते, तर किमान एक होकार येण्याची शक्यता ६५ टक्के निघते; म्हणजे तेव्हाही तिघांतल्या एकाला दहाही नकार. प्रत्यक्षात ते स्वतंत्र नसतातच. तीच गुणपत्रिका, तीच शिफारसपत्रे, बहुतेक ठिकाणी तोच मुख्य निबंध. एका ठिकाणी जी उणीव नडली, तीच दुसऱ्या ठिकाणीही नडते. त्यामुळे अवघड नावांची संख्या वाढवून यादी सुरक्षित होत नाही.

हिशेबवही

तिघांनीही पैशाचा विषय टाळला आहे. पर्ड्यूने २०१३ पासून शिक्षणशुल्क गोठवले आहे, तरीही इंडियानाच्या मुलाला वर्षाला १० हजार डॉलरच्या आत जे मिळते, त्यासाठी बाहेरच्याला २८ हजारांहून जास्त मोजावे लागतात, आणि राहणे-जेवणे वेगळे. प्रवेश मिळाल्यावर "परवडत नाही" म्हणायचे असेल, तर ती शक्यता मोजण्यात काय अर्थ आहे? "वर्षभर तिथे राहू आणि रहिवासी होऊ" हा मार्गही बहुधा बंद असतो, कारण केवळ शिक्षणासाठी येऊन राहिलेल्याला बहुतेक राज्ये रहिवासी मानत नाहीत.

मात्र याच कारणामुळे "बाहेरचा म्हणजे नेहमीच मागे" हे गृहीत मला मान्य नाही. जिथे कायद्याची मर्यादा नाही, तिथे बाहेरच्यांच्या जास्त शुल्काची विद्यापीठाला गरज असते. पर्ड्यूत इंडियानाबाहेरची मुले फार मोठ्या संख्येने आहेत. राज्याराज्याचा नियम पाहिल्याशिवाय एकच अंदाज सगळीकडे लावू नये. एमआयटीसारख्या खासगी संस्थांत तर हा राज्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

पायवाट

राज्ये आपल्या मुलांना झुकते माप देतात यात मला अन्याय वाटत नाही, हे नोंदवून ठेवते. १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या, त्या आधारावर इलिनॉय, पर्ड्यू, कॅलिफोर्निया उभी राहिली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या करदात्यांनी ती चालवली. माझा आक्षेप त्या धोरणाला नाहीच. मुलाशी बोलण्याची सुरुवात टक्केवारीने करण्याला आहे. ओळंबा यांनी सांगितलेला आलेख मुलीने स्वतः उघडून पाहावा. मामाने त्याचा निकाल करून तिच्यासमोर ठेवू नये. या दोन गोष्टींत मला फार फरक वाटतो.

नदीकाठ

हा फरक मला मान्य आहे. आलेखाचे मला सुचले नव्हते. काल संध्याकाळी भाचीने तो स्वतः उघडला. तिच्या गुणांच्या आसपास सहा खुणा होत्या : दोन हिरव्या, चार तांबड्या. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "मामा, हे तुझ्या आकड्यापेक्षा बरे आहे, पण फार बरे नाही." सहा खुणांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितले आणि तिलाही ते कळत होते.

माझे मूळ म्हणणे मात्र मी सोडत नाही. तिला आकडा आधी दिसला म्हणूनच यादी बदलली. पायवाट म्हणतात तसे मनोधैर्य जपायला हवे, पण यादी चुकली तर एप्रिलमध्ये तिच्या हातात काहीच उरणार नाही, आणि तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच धीराच्या शब्दांचा तिला उपयोग होणार नाही. पर्ड्यू आता यादीत वर आहे. शुल्काचा हिशेब मेव्हण्यांनी हिशेबवही यांचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री मांडला. तिच्या स्वतःच्या राज्यातले रटगर्स विद्यापीठ, जे तिने आजवर मनातून बाजूला टाकले होते, तेही आले आहे, कारण तिथे ती बाहेरची नाही. टेक्सास काढायला ती तयार झाली नाही. एक अवघड नाव तिच्या हट्टापायी राहू दे, असे मीच म्हणालो. जॉर्जिया टेकचा निबंध तिने अजून सुरू केलेला नाही, पण आज सकाळी तिने संघाच्या सरांना फोन करून मागच्या वर्षीच्या रोबॉटचा मोडलेला हात शाळेत अजून ठेवला आहे का, अशी चौकशी केली.