ऑनलाइन वर्गात कॅमेरा सक्तीचा हवा का?

खडूफळा (धागाकर्ता)
आमच्या शिक्षकांच्या गटात परवा कॅमेऱ्यावरून चांगलीच जुंपली. चेहरा दिसल्याशिवाय मूल वर्गात आहे हे कशावरून, असं एका बाजूचं म्हणणं. मला ते पटत नाही. चेहऱ्यावरून हजेरी कळते, समज नाही. "समजलं का?" विचारलं की चॅटमध्ये "हो सर"चा पाऊस पडतो आणि तोच प्रश्न स्वाध्यायात आला की निम्म्यांची पाटी कोरी. त्यापेक्षा अधूनमधून एक प्रश्न टाकावा, सगळ्यांनी उत्तर टाइप करावं, पण मी "पाठवा" म्हणेपर्यंत कुणी पाठवू नये. नाहीतर पहिल्या हुशाराचं उत्तर बाकीचे उतरवून मोकळे होतात. आठवून लिहिलेलं टिकतंही जास्त. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत धडा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे.

पहिला तास
साफ असहमत. काळ्या चौकोनांपुढे तासभर बोलून बघा, मग कळेल. कपाळावरची आठी दिसली की मी तिथेच थांबतो, उदाहरण बदलतो. ती आठी चॅटमध्ये कुठे दिसते? आणि मोकळीक दिली की काय होतं तेही बघा. एमआयटी आणि हार्वर्ड या अमेरिकी विद्यापीठांच्या, एडेक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. शिस्त लावणं हाही आधारच असतो हो.

मागचा बाक
मी विद्यार्थी आहे. एकाच खोलीत मागे भाऊ झोपलेला, आई कपडे वाळत घालतेय. कॅमेरा लावला की माझं निम्मं लक्ष मागे काय दिसतंय यावरच. आठी तर पडणारच, पण ती गणितामुळे नसते.

खडूफळा
@पहिला तास, तो ३ टक्क्यांचा आकडा अर्धाच आहे. त्यात फुकट नाव नोंदवून नुसतं डोकावणारेही आले. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत त्याच वर्षी ४६ टक्क्यांनी पूर्ण केला. म्हणजे गळती कॅमेऱ्याअभावी झाली, असं त्यातून निघत नाही.
गळणारं मूल आधी स्वाध्याय द्यायचं थांबतं. तेव्हाच निरोप जायला हवा, तोही "दोन आठवडे काहीच का आलं नाही?" असा दरडावणारा नको. "तिसऱ्या स्वाध्यायातलं फक्त पहिलं गणित सोडव, अडशील तिथपर्यंतचा फोटो पाठव." एवढं लिहिलं की उत्तर यायची शक्यता वाढते. कारण लाजेने गप्प बसलेल्याला परत यायला एक छोटीशी पायरी मिळते.

पहिला तास
४६ मान्य. पण मग पैसे गुंतले की लोक टिकतात, म्हणजे बंधन लागतंच, हे माझंच म्हणणं झालं की!
@मागचा बाक, तुझी अडचण रास्त आहे. सक्ती ठेवून अशांना सूट द्यावी, बाकीच्यांना नको.

मागचा बाक
सूट मागायला घरची परिस्थिती सांगावी लागते, सर. मी तरी सांगितली नसती.

चौथी घंटा
खडूफळा, निरोपाची कल्पना उत्तम, पण माझ्याकडे चार तुकड्या आहेत. रोज कोण गळतंय ते बघायचं, एकेकाला लिहायचं, आलेले फोटो तपासायचे, हे कुठल्या वेळात? कॅमेऱ्याची सक्ती शाळांना आवडते ती फुकट पडते म्हणून. एक थेट तास कमी करून तो वेळ या कामाला द्यायला किती शाळा तयार होतील?