लपवण्यासारखे काही नसेल, तर फोन उघडून द्यायला हरकत काय?

खाजन
परवा दर्यावर्दी यांनी लिहिले की परदेशात उतरल्यावर अधिकाऱ्याने फोन मागितला तर तो निमूटपणे उघडून द्यावा, कारण ज्याच्या मनात पाप नाही त्याला भीती कसली. दोन दिवस गप्प राहिलो, आता राहवत नाही. माझी भाची शिकण्यासाठी गोव्याच्या मोपा विमानतळावरून निघाली आणि तिकडच्या विमानतळावर तिचा फोन मागून घेतला गेला. पाऊण तास कोणी अनोळखी माणूस तो चाळत बसला होता. भाचीचे त्यात लपवण्यासारखे काहीच नव्हते. पण तिच्या आईचे, म्हणजे माझ्या बहिणीचे, गाठीच्या तपासणीचे अहवाल होते आणि आमच्या भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागायतीच्या, वाटणीवरून चाललेले घरातले भांडण होते. माझी बहीण त्या वेळी म्हापशात होती. तिने कोणतीही सीमा ओलांडलेली नव्हती, मग तिची झडती कोणत्या अधिकाराने झाली?

दर्यावर्दी
खाजनबाब, बहिणीविषयी वाचून वाईट वाटले. पण भाचीला शेवटी आत सोडले ना? मी बावीस वर्षे जहाजावर काढली. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण वहाणा बाहेर काढतो, त्यात कोणी आपला अपमान मानत नाही. अमेरिकेच्याच सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४७,००० उपकरणे तपासली गेली आणि येणारे प्रवासी ४२ कोटींच्या घरात होते. म्हणजे नऊ हजारांत एक. एवढ्यासाठी आकाश कोसळल्यासारखे लिहिण्याचे कारण नाही.

कायद्याची पोथी
दोघांनीही थोडे थांबावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रायली खटल्यात सांगितले की अटक केलेल्या माणसाचा फोनसुद्धा वॉरंटशिवाय उघडता येणार नाही. सीमेवर मात्र ते संरक्षण मिळत नाही. तिथल्या सीमा विभागाच्या २०१८ च्या निर्देशानुसार हाताने फोन चाळायला संशयाचीही गरज नाही. बाहेरचे यंत्र जोडून मजकूर उतरवून घ्यायचा असेल, तरच वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचे कारण लागते. फोनचे नेटवर्क बंद करूनच तपासणी व्हावी, असेही त्यात आहे. तिथल्या नागरिकाने पासकोड नाकारला तर फोन अडकतो, माणूस अडकत नाही. व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलांना परतीच्या विमानात बसवले जाऊ शकते. न्यूझीलंडमध्ये नकाराला ५,००० डॉलरपर्यंत दंड आहे, आणि ब्रिटनमध्ये २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखाली थांबवलेल्या माणसाने पासवर्ड न देणे हाच गुन्हा ठरू शकतो. तेव्हा दर्यावर्दी यांची वहाणांची उपमा तोकडी आहे, कारण वहाणा काढायला सांगणारा यजमान आपली पत्रे वाचत नाही.

जुना पेडणेकर
पत्रे वाचणाऱ्या सीमा आपण पाहिलेल्या आहेत. गोवा मुक्तीपूर्वी माझे आजोबा बांद्याहून परतताना पत्रादेवीच्या सीमानाक्यावर त्यांची पिशवी उपसली गेली. भाकरी ज्या मराठी वर्तमानपत्रात गुंडाळली होती ते पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, शिपायाने ठेवून घेतले आणि उघडी भाकरी हातावर दिली. आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात.

दर्यावर्दी
आजोबांच्या भाकरीचा इथे काय संबंध? आणि त्या काळी गोव्यातून सोने आणि घड्याळे चोरट्या वाटेने बाहेर जात होती, हेही सांगावे. शिपायांनी पिशव्या उगाच उपसल्या नाहीत.

जुना पेडणेकर
माझ्या आजोबांना चोरटे ठरवण्याआधी निदान त्यांचे गाव तरी विचारायचे होते. ते शिंपी होते आणि दोरा आणायला जात असत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापण्याआधी मजकूर तपासून घ्यावा लागे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वर्तमानपत्र का गेले ते सांगावे लागत नाही. तुम्ही जहाजावर बावीस वर्षे काढली असतील, पण पत्रादेवीच्या रांगेत एक सकाळही काढलेली नाही.

आवाठातली बाय
भाकरी आणि सोने दोन्ही बाजूला ठेवा. शिपायाला पिशवीतले कागद दिसले. पेडण्यातल्या घरी रात्री जेवताना काय बोलणे झाले ते दिसले नाही. फोनमध्ये नेमके तेच बोलणे असते. माझा मुलगा आता प्रवासाला वेगळा, जुना फोन नेतो. त्यात तिकीट, नकाशा आणि माझा नंबर एवढेच ठेवतो.

दर्यावर्दी
रिकामा फोन पाहून अधिकाऱ्याचा संशय वाढणार नाही का? चोराच्या मनात चांदणे!

कायद्याची पोथी
फोन रिकामा ठेवणे हा गुन्हा नाही. विचारल्यावर खोटे बोलणे मात्र महागात पडते. उतरण्याआधी फोन पूर्ण बंद करावा, म्हणजे पुन्हा सुरू करताना बोट किंवा चेहरा चालत नाही, पासकोडच लागतो. आपल्याकडेही हा फरक किरकोळ नाही. १९६१ च्या काथी कालू ओघड निकालात बोटांचे ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे ठरले. पासकोड मात्र डोक्यात असतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. आपला सीमाशुल्क कायदा मात्र १९६२ चा आहे, आणि तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सामान आणि सोने होते. म्हणून आपल्याच दाबोळी विमानतळावर आपला फोन मागितला गेला तर काय, हा प्रश्न अमेरिकेला शिव्या घालण्याआधी विचारावा.

दर्यावर्दी
एवढे कायदे माझ्यावर ओतलेच आहेत, तर एक सांगतो. एका बंदरात आमच्या मेसमधल्या पोराचा फोन तपासला गेला. कुठल्याशा गटात कोणी टाकलेली घाणेरडी चित्रे आपोआप उतरली होती. त्याने ती उघडूनही पाहिली नव्हती. तो निर्दोष आहे हे आम्हाला ठाऊक होते, त्यांना पटायला चार तास लागले, आणि त्याचे जहाज चुकता चुकता राहिले. तेव्हापासून माझ्या फोनवर फोटो आपोआप उतरत नाहीत. याला कोणी माघार समजू नये.

खाजन
माघार म्हणत नाही. पण लपवण्यासारखे काही नसलेल्या माणसाने ती सोय बंद का ठेवली, एवढे सांगाल का?

दर्यावर्दी
सोमवारी बोट धरायची आहे आणि बॅग अजून भरायची आहे. पेडणेकरबाब, शिंप्याचे मला माहीत नव्हते. चोरटेपणाचे शब्द मागे घेतो. बाकीचे नाही.