'अमेरिकन वेडिंग'मधलं तुमच्या मनात काय राहिलं?

'अमेरिकन पाय' या सिनेमांच्या मालिकेचा हा तिसरा भाग २००३ साली आला. जिम आणि मिशेलचं लग्न, एवढंच कथानक. त्यातला चावटपणा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून बाकीचं विचारते आहे. कोणता प्रसंग लक्षात राहिला ते मोकळेपणाने लिहा.

माझा प्रसंग जिमच्या बाबांचा. लग्नात म्हणायची वचनं मिशेलला काही केल्या लिहिता येत नाहीत. प्रेम शब्दांत मांडायचं कसं? हे विचारायला ती जाते ती थेट होणाऱ्या सासऱ्यांकडे! युजीन लेव्हीने रंगवलेला हा बाप बोलताना कायम अवघडतो, पण मुलांनी काहीही विचारलं तरी पाठ फिरवत नाही. असा बाप सिनेमात क्वचितच दिसतो.

*

होस्टेलवर पाहिला, एका लॅपटॉपभोवती सगळे दाटीवाटीने बसून. आधीच्या दोन्ही भागांत नुसता धिंगाणा घालणारा स्टिफलर इथे जिमला लग्नातला नाच शिकवतो. तेही मन लावून, पाऊल न् पाऊल. मला तर तो तेव्हाच आवडायला लागला.

*

ओझ, हेदर, विकी यांतलं कुणीच लग्नाला नाही, याची रुखरुख अजून आहे. शाळेपासूनची मंडळी ती! २०१२ च्या 'अमेरिकन रियुनियन'मध्ये परत दिसली तेव्हा फार बरं वाटलं.

*

फुलांचा प्रसंग. स्टिफलरमुळे शीतकपाटाची वीज बंद होते आणि लग्नाची सगळी फुलं माना टाकतात. मग तोच, ज्या शाळकरी फुटबॉल संघाचा कोच असतो त्या पोरांना हाताशी धरून, रातोरात सजावट उभी करतो. आमच्या लग्नात सजावटवाल्याने आदल्या संध्याकाळी हात वर केले होते. नवऱ्याचे मित्र पहाटेपर्यंत शिडीवर चढून माळा बांधत होते. त्यामुळे हा भाग लागला की आम्ही दोघं हातातलं काम टाकून बसतो.

*

कुत्रा आणि अंगठीचा प्रकार मला अजिबात बघवत नाही, मी पुढे ढकलतो. पण मिशेलसाठी सिनेमा पुन्हा लावतो. अशा सिनेमांत बिनधास्त मुलीला शेवटी धडा शिकवतात किंवा सरळ करतात. अ‍ॅलिसन हॅनिगनची मिशेल मात्र जशी आहे तशीच नवरी होते, आणि जिमला ती तशीच हवी असते.